मंदीच्या फेऱ्यात खेळाडूंचा बाजार

युरोपीय फुटबॉलच्या अर्थकारणात सप्टेंबर २००८ चा पहिला पंधरवडा विलक्षण ठरला. १ सप्टेंबर रोजी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपत असताना मँचेस्टर सिटीने ब्राझीलच्या रॉबिन्योला रिअल माद्रिदकडून ३ कोटी २५ लाख पौंड मोजून घेतले. इंग्लंडमधील तोवरची ती विक्रमी किंमत होती. त्याच दिवशी सिटीची मालकी अबुधाबीच्या एका गुंतवणूक समूहाकडे जात असल्याचे जाहीर झाले. बाजार तेजीच्या शिखरावर आहे असेच त्या रात्री कोणालाही वाटले असते. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांत एक्सएल ही ब्रिटिश पर्यटन कंपनी बुडाली. वेस्ट हॅम युनायटेडच्या जर्सीवर याच कंपनीचे नाव होते आणि या क्लबवर प्रायोजकाविना मैदानात उतरण्याची वेळ आली. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. मँचेस्टर युनायटेडच्या जर्सीवर झळकणाऱ्या एआयजी या विमा कंपनीला वाचवण्यासाठी लगोलग अमेरिकी सरकारला धावून जावे लागले. न्यूकॅसलची प्रायोजक नॉर्दर्न रॉक बँक तर फेब्रुवारीतच सरकारच्या ताब्यात गेली होती. ऑक्टोबरमध्ये आइसलँडची लँड्सबँकी कोसळली. तिचे अध्यक्ष ब्योर्गोल्फर गुडमंडसन हेच वेस्ट हॅमचे मालक होते.

एवढे सगळे घडूनही जानेवारी २००९ मधील हिवाळी खरेदी-विक्रीत प्रीमियर लीगच्या क्लबांनी सुमारे १७ कोटी पौंड खर्च केले. आदल्या वर्षीच्या तुलनेत हा आकडा फारसा कमी नव्हता. फुटबॉलला मंदीची झळ लागत नाही, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी घाईने काढला. पुढच्या जानेवारीत, म्हणजे २०१० मध्ये, हाच खर्च सुमारे ३ कोटी पौंडांवर घसरला. वीस क्लबांनी मिळून महिनाभरात जे खर्च केले, ते एकट्या रॉबिन्योच्या किमतीहूनही कमी होते.

मंदी फुटबॉलच्या दाराशी येऊन सव्वा वर्ष का थांबली, याचे उत्तर क्लबांच्या उत्पन्नाच्या घडणीत आहे. मोठ्या क्लबांचा मुख्य आधार असतो दूरचित्रवाणीच्या हक्कांचा. हे करार एकाहून अधिक वर्षांचे असतात. मोसमी तिकिटे उन्हाळ्यातच विकलेली असतात आणि प्रायोजकांचे करारही आधीच झालेले असतात. त्यामुळे बँका बुडाल्या तरी त्या हंगामाची आवक बव्हंशी ठरल्याप्रमाणे होत राहते. आटते ते कर्ज. फुटबॉल क्लब हा बाहेरून कितीही श्रीमंत दिसला तरी त्याचा संसार उसन्यावर चाललेला असतो. पुढल्या वर्षीच्या तिकिटांवर, पुढल्या वर्षीच्या प्रक्षेपण शुल्कावर, विकलेल्या खेळाडूच्या न आलेल्या हप्त्यांवर तो आज पैसे उचलतो. बँकेने हात आखडता घेतला की ही साखळी तुटते. ज्यांचे प्रक्षेपणकर्तेच कोसळले, त्यांची गोष्ट वेगळी. जून २००९ मध्ये सेटांटा ही वाहिनी ब्रिटनमध्ये बंद पडली, तेव्हा स्कॉटलंडमधील क्लबांना तो फटका थेट आणि ताबडतोब बसला.

खेळाडूंच्या बाजारात मंदीचे परिणाम समजून घ्यायचे तर क्लबांचा हिशेब कसा मांडला जातो हे आधी पाहावे लागते. समजा, एखाद्या क्लबने ३ कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. ही रक्कम खर्चाच्या बाजूला एकाच वर्षी दाखवली जात नाही. ती करारकाळात समान विभागली जाते. म्हणजे दर वर्षी ६० लाख. तीन वर्षांनंतर या खेळाडूची पुस्तकी किंमत उरते १ कोटी २० लाख. आता तो २ कोटींना विकला, तर सामान्य माणसाच्या दृष्टीने एक कोटीचा तोटा झाला. पण हिशेबाच्या वहीत मात्र ८० लाखांचा नफा, आणि तोही विक्रीच्या वर्षीच पूर्णपणे जमा. क्लबच्याच अकादमीत लहानाचा मोठा झालेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत जवळजवळ शून्य असल्याने त्याच्या विक्रीची संपूर्ण रक्कम नफा ठरते. अडचणीतला क्लब सर्वप्रथम घरचाच मुलगा बाजारात का उभा करतो, याचे कोडे इथे सुटते. चाहत्यांना जो सर्वांत प्रिय, तोच लेखापालालाही सर्वांत प्रिय असतो. कारणे तेवढी निराळी.

दुसरी अडचण पगारांची. खेळाडूचा करार ही दुधारी वस्तू आहे. तेजीत तो क्लबचे संरक्षण करतो, कारण करार असेपर्यंत किंमत मोजल्याशिवाय कोणी खेळाडू नेऊ शकत नाही. मंदीत तोच करार गळ्यातला धोंडा होतो. उत्पन्न घटले म्हणून कारखान्याला कामगारकपात करता येते. आठवड्याला लाखभर पौंड घेणाऱ्या आघाडीवीराचा पगार मात्र कराराची मुदत संपेपर्यंत द्यावाच लागतो. असा खेळाडू विकत घ्यायलाही कोणी पुढे येत नाही. मग तो लोनवर दिला जातो आणि पगाराचा काही वाटा दुसऱ्या क्लबने उचलला तरी मूळ मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. बार्सिलोनाने जुलै २००९ मध्ये झ्लाटन इब्राहिमोविचसाठी इंटर मिलानला ४ कोटी ६० लाख युरो आणि वर सॅम्युएल एटो दिला. वर्षभरातच प्रशिक्षक आणि खेळाडूचे बिनसले. ऑगस्ट २०१० मध्ये त्याला एसी मिलानकडे एका वर्षासाठी लोनवर पाठवण्यात आले, ते २ कोटी ४० लाख युरोंना पुढे विकत घेण्याच्या पर्यायासह. ‘आधी वापरा, मग पैसे द्या’ ही दुकानदारीतली युक्ती पहिल्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये प्रतिष्ठित झाली ती अशी.

डिसेंबर १९९५ च्या बॉसमन निकालापासून करार संपलेला खेळाडू कोणतीही किंमत न मोजता दुसऱ्या क्लबला मिळतो. तेजीच्या काळात या वाटेने मुख्यतः उतारवयातले खेळाडू जात. मंदीने या वाटेचे महत्त्व वाढवले. कराराचे शेवटचे वर्ष उरलेला खेळाडू म्हणजे दिवस मावळताना मंडईत उरलेला माल. आज मिळेल त्या भावाने विकावा, नाहीतर उद्या फुकट जाणार.

मंदीने पिचलेल्या क्लबचे सर्वांत बोलके उदाहरण स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे आहे. २००२ आणि २००४ मध्ये ला लिगा जिंकणाऱ्या या क्लबने ऑगस्ट २००७ मध्ये नव्या, भव्य स्टेडियमचे काम सुरू केले. जुन्या मेस्टाया मैदानाची मोक्याची जागा गृहबांधणीसाठी विकायची आणि त्या पैशातून नवे स्टेडियम उभारायचे, असा हा बेत होता. स्पेनमधील जमिनींचे भाव चढेच राहणार या एका गृहीतकावर तो बेतलेला होता. बांधकाम व्यवसायाचा फुगा फुटला, जुन्या जागेला गिऱ्हाईक मिळेना आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नव्या स्टेडियमचे काम थांबले. क्लबवरील कर्ज ५० कोटी युरोंच्या पलीकडे गेले होते. खेळाडूंचे पगार थकले. स्पेनमध्ये त्या काळी प्रक्षेपण हक्क प्रत्येक क्लब स्वतंत्रपणे विकत असे, त्यामुळे मोठा लचका रिअल माद्रिद आणि बार्सिलोनाच तोडत. एकत्रित विक्रीचा कायदा तेथे २०१५ मध्ये आला. प्रीमियर लीगमधील मधल्या फळीच्या क्लबला दूरचित्रवाणीचा जो टेकू होता, तोही व्हॅलेन्सियाला नव्हता.

एरवी अशा क्लबने भराभर खेळाडू विकून टाकले असते. व्हॅलेन्सियाने तसे केले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. २००९ च्या उन्हाळ्यात डेव्हिड व्हियावर युरोपातील सर्व बड्या क्लबांची नजर होती आणि व्हॅलेन्सियाची निकड साऱ्या जगाला ठाऊक होती. अडलेल्याचा माल पडत्या भावाने उचलण्याचा मोह कोणाला होत नाही? त्या वर्षी क्लबने फक्त राउल आल्बिओलला दीड कोटी युरोंना रिअलकडे जाऊ दिले आणि व्हियाला राखून ठेवले. तोवर भांडवल वाढवून वेळ विकत घेण्यात आली होती. त्यासाठीचे कर्ज बांकाखा या स्थानिक बँकेचे आणि हमी प्रांतिक सरकारच्या वित्तसंस्थेची. वर्षभराच्या या उसंतीमुळे मे २०१० मध्ये बार्सिलोनाकडून व्हियाचे ४ कोटी युरो मिळाले. दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक स्पर्धा सुरू असतानाच डेव्हिड सिल्वाचा मँचेस्टर सिटीशी व्यवहार ठरला. २०११ मध्ये हुआन माटा चेल्सीकडे गेला. २०१२ मध्ये जॉर्डी आल्बा बार्सिलोनाला अवघ्या १ कोटी ४० लाखांत मिळाला, कारण त्याच्या कराराचे एकच वर्ष शिल्लक होते.

एका वेळी एक-दोनच मोहरे सोडायचे आणि त्यांच्या जागी स्वस्तातले, पण भुकेले खेळाडू आणायचे, हे धोरण प्रशिक्षक उनाय एमरी यांनी निभावून नेले. व्हियाच्या जागी गेटाफेकडून आलेल्या रोबेर्तो सोल्दादोला सुमारे एक कोटी युरो पडले. तीन वर्षांनी तोच टॉटनहॅमला २ कोटी ६० लाख पौंडांना विकला गेला. २०१० ते २०१२ अशी सलग तीन वर्षे व्हॅलेन्सिया ला लिगात तिसऱ्या स्थानी राहिला. दर उन्हाळ्यात संघाचा एकेक खांब काढला जात असताना हे साधले, याचे कौतुक त्या काळी पुरेसे झाले नाही. तथापि, कर्ज फिटले नाही. बांकाखा पुढे बांकिया या नव्या बँकेत विलीन झाली, बांकियालाच २०१२ मध्ये सरकारने ताब्यात घेतले आणि २०१४ मध्ये क्लब सिंगापूरच्या पीटर लिम यांच्याकडे गेला. नव्या स्टेडियमचा सिमेंटचा सांगाडा तसाच उभा होता; त्याचे काम पुन्हा सुरू व्हायला जानेवारी २०२५ उजाडला.

इंग्लंडमधील पोर्ट्समथला हे जमले नाही. मे २००८ मध्ये कार्डिफला हरवून एफए चषक जिंकणाऱ्या या क्लबचे मैदान जेमतेम वीस हजारांचे. पगार मात्र बड्यांच्या पंक्तीतले. मालकाच्या खिशावर आणि बँकेच्या कर्जावर हा डोलारा उभा होता. मालकाने हात काढून घेतला, बँकेने तगादा लावला आणि मग जे हाती येईल ते विकण्याची घाई उडाली. जानेवारी २००९ मध्ये लासाना डियारा रिअलकडे आणि जर्मेन डिफो टॉटनहॅमकडे गेला. उन्हाळ्यात ग्लेन जॉन्सन लिव्हरपूलने नेला आणि पीटर क्राउच टॉटनहॅमने. गंमत अशी की, पोर्ट्समथला चषक जिंकून देणारे हॅरी रेडनॅप तोवर टॉटनहॅमचे प्रशिक्षक झाले होते. आपलाच जुना माल ते नव्या दुकानात लावत होते.

या विक्रीतून आलेला पैसा संघाच्या उभारणीला लागला नाही, जुनी देणी भागवण्यात गेला. पूर्वी घेतलेल्या खेळाडूंचे हप्तेच थकले होते, त्यामुळे क्लबला नव्या खरेदीची बंदी झाली. प्रक्षेपण शुल्कातला पोर्ट्समथचा वाटाही लीगने परस्पर इतर क्लबांची देणी फेडण्याकडे वळवला. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, या म्हणीचा प्रत्यय २००९-१० च्या हंगामात क्लबच्या एकामागून एक बदललेल्या मालकांना आला. फेब्रुवारी २०१० मध्ये पोर्ट्समथ प्रशासकाच्या ताब्यात गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना ही पाळी आलेला तो पहिलाच क्लब. नऊ गुण कापले गेले, संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि क्लबच्या ८० हून अधिक साध्या कर्मचाऱ्यांनी नोकरी गमावली.

येथे इंग्लिश फुटबॉलमधील एक अन्यायकारक नियम लोकांसमोर आला. दिवाळखोर क्लबने इतर क्लबांची आणि खेळाडूंची देणी पूर्ण फेडलीच पाहिजेत, अन्यथा त्याला लीगमध्ये स्थान नाही. बाकीच्या धनकोंनी मिळेल तेवढ्यावर समाधान मानायचे. पोर्ट्समथच्या बाबतीत या ‘बाकीच्यां’मध्ये सरकारचे करखाते होते, तसेच सामन्यांच्या वेळी प्रथमोपचार पुरवणारी सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही स्वयंसेवी संस्थाही होती. करखात्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले; मे २०१२ मध्ये ते फेटाळले गेले. खेळाडूंच्या बाजारात उधारी इतक्या सहजपणे का चालते, याचे एक कारण या नियमात आहे. ज्याचे पैसे बुडणारच नाहीत, तो उधार द्यायला का कचरेल?

मंदीत सगळेच गरीब होत नाहीत. ज्याच्या हाती रोकड, त्याचा बाजार. मँचेस्टर सिटीने २००९ च्या उन्हाळ्यात आर्सेनलकडून इमॅन्युएल अडेबायोर आणि कोलो टूरे हे दोघे एकदम घेतले. नव्या स्टेडियमच्या कर्जाचा भार आर्सेनल वाहत होताच. शिवाय जुन्या हायबरी मैदानाच्या जागी बांधलेल्या सदनिका नेमक्या घरबाजार थंडावला असताना विक्रीस आल्या होत्या. रिअल माद्रिदने त्याच उन्हाळ्यात काका, ख्रिस्तियानो रोनाल्डो आणि करीम बेंझेमा यांच्यावर पैशांचा पाऊस पाडला. या पावसामागे बँकांची कर्जे होतीच; चलनांची उलथापालथही रिअलच्या पथ्यावर पडली. जानेवारी २००८ मध्ये एका पौंडाला सुमारे १.३४ युरो मिळत. वर्षअखेरीस तो जवळजवळ एका युरोवर आला होता. रोनाल्डोसाठी मँचेस्टर युनायटेडला ८ कोटी पौंड मिळाले, म्हणजे रिअलचे ९ कोटी ४० लाख युरो गेले. दीड वर्षापूर्वीच्या दराने हेच ८ कोटी पौंड १० कोटी ७० लाख युरोंना पडले असते. उलट इंग्लिश क्लबांना २ कोटी युरोंचा खेळाडू दीड कोटी पौंडांऐवजी दोन कोटींच्या आसपास पडू लागला. खेळाडूच्या पायांइतकेच विनिमय दरावर लक्ष ठेवणारे अधिकारी क्लबांनी नेमले, त्यात नवल नाही.

रोनाल्डोच्या ८ कोटींचे युनायटेडने काय केले, हा प्रश्न मँचेस्टरमध्ये पुढे वर्षभर विचारला जात होता. अँटोनिओ व्हॅलेन्सिया आला, मायकेल ओवेन विनामूल्य आला. बाजारात वाजवी भावाचा माल नाही, असे सर अॅलेक्स फर्ग्युसन सांगत राहिले. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब कर्जाने घेतला होता आणि जानेवारी २०१० मध्ये ते कर्ज फिरवण्यासाठी ५० कोटी पौंडांचे रोखे काढावे लागले. चाहत्यांनी याचा अर्थ लावला आणि क्लबच्या मूळ हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर गळ्यात घालून निषेध सुरू केला. मंदीत प्रशिक्षकाचे अधिकार किती आक्रसतात, हे त्याआधी वेस्ट हॅममध्ये दिसले होते. आपल्या संमतीविना अँटन फर्डिनांड आणि जॉर्ज मॅकार्टनी यांना विकले म्हणून अॅलन कर्बिशली यांनी सप्टेंबर २००८ मध्ये राजीनामा दिला. लवादाने पुढे त्यांच्या बाजूने कौल दिला. खेळाडू मात्र केव्हाच गेले होते.

क्लबच स्वस्त झाले, हा मंदीचा आणखी एक परिणाम. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजेच ‘व्यंकीज’ने, ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, कर्जाची जबाबदारी वेगळी. १९९५ चा इंग्लिश विजेता संघ रॉबिन्योपेक्षा कमी किमतीत मिळाला. पुढल्याच उन्हाळ्यात अकादमीत घडलेला फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकावा लागला आणि २०१२ मध्ये ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून घसरला.

अडचणीतूनच शहाणपण शिकलेल्या क्लबचा दाखला जर्मनीत मिळतो. बोरुसिया डॉर्टमुंड २००५ मध्ये, जागतिक मंदीच्या बऱ्याच आधी, स्वतःच्याच उधळपट्टीने बुडण्याच्या बेतात होता. महागडे खेळाडू घेण्याची ऐपतच उरली नाही, तेव्हा त्याने तरुणांकडे मोर्चा वळवला. २००८ मध्ये युर्गन क्लॉप आले. शिंजी कागावा हा जपानी खेळाडू २०१० मध्ये साडेतीन लाख युरोंना मिळाला. २०११ आणि २०१२ ची बुंडेसलिगा डॉर्टमुंडने जिंकली, तेव्हा बाकीचा युरोप कर्जांची पुनर्रचना करत होता. पोर्तुगाल आणि स्पेनमधल्या अनेक क्लबांनी मात्र वेगळी पळवाट शोधली. खेळाडूवरील आर्थिक हक्कांचा हिस्सा खासगी गुंतवणूकदारांना विकून ते आपली गरज भागवू लागले. खेळाडूला कोठे आणि कधी विकायचे यात बाहेरच्यांचा शब्द चालू लागला. ‘फिफा’ने मे २०१५ पासून ही पद्धत बंद केली.

करोनाच्या साथीने आणलेली मंदी याहून निराळी होती. २००८ मध्ये आधी कर्ज आटले होते; २०२० मध्ये मैदानेच ओस पडली आणि तिकिटांचे उत्पन्न एका रात्रीत शून्यावर आले. ‘फिफा’च्या हिशेबानुसार २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय हस्तांतरांवर ७३५ कोटी डॉलर खर्च झाले होते, २०२१ मध्ये ते ४८६ कोटींवर आले. रोख नसताना नफा दाखवायचा कसा, याचा एक मार्ग बार्सिलोना आणि युव्हेंट्सने शोधला. जून २०२० मध्ये आर्थरला ७ कोटी २० लाख आणि मिरालेम प्यानिचला ६ कोटी युरो अशा किमती लावून अदलाबदल झाली. प्रत्यक्षात फरकाचे १ कोटी २० लाखच द्यायचे होते, पण दोन्ही वह्यांत घसघशीत नफा उमटला. फुगवलेल्या किमतींच्या अशाच व्यवहारांच्या चौकशीत युव्हेंट्सला २०२३ मध्ये गुण गमवावे लागले. बार्सिलोनावरील कर्ज २०२१ मध्ये सुमारे १३५ कोटी युरोंवर गेले होते. ला लिगाच्या पगारमर्यादेत बसेना म्हणून त्या ऑगस्टमध्ये लिओनेल मेस्सीलाच निरोप द्यावा लागला, आणि तोही एक छदाम न मिळता.

त्याच उन्हाळ्यात इंटर मिलानने तर विजेता संघच मोडला. चिनी मालक सुनिंग समूह स्वदेशात अडचणीत आला होता. त्याने आपला चीनमधला विजेता क्लब फेब्रुवारीतच बंद केला होता. मे महिन्यात इटलीचे अजिंक्यपद मिळवून प्रशिक्षक अँटोनिओ काँटे बाहेर पडले. अश्रफ हकिमी पॅरिसला गेला, तर रोमेलू लुकाकू ११ कोटी ५० लाख युरोंना चेल्सीकडे. इंटरची तिजोरी सावरली. चेल्सीचे आणि लुकाकूचे मात्र जमले नाही आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो एका हंगामापुरता, सुमारे ८० लाख युरोंच्या भाड्यावर, लोनवर पुन्हा इंटरच्याच संघात दाखल झाला.